दहावी पास मुलीचा पासपोर्ट

गोव्यातल्या मुली शिकतात. आखातात नोकरीला जाताना मात्र हेच शिक्षण एक आडोसा काढून घेतं. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक. कुवेत, ओमान, सौदीसह १८ देशांत कामाला जायचं तर तिला सरकारची परवानगी लागते. घरकामासाठी वय किमान ३० हवं आणि भरती सरकारी संस्थेमार्फत व्हावी लागते. दहावी पास मुलीला यातलं काही लागू नाही. सत्तरी तालुक्यातली २२ वर्षांची पोर मोपा विमानतळावरून विमानात बसते, तेव्हा तिचा करार पाहणारा कुणी नसतो. ईसीआरवालीसाठी एजंटांकडे दुसरी वाट असते: व्हिजिट व्हिसावर दुबई, मग तिथून ओमान. फिरायला जाणाऱ्याला परवानगी लागतच नाही.

म्हणून व्हिसा वाचा. कुवेतचंच घ्या, आपली कितीतरी माणसं तिथे आहेत. २० नंबरचा व्हिसा घरकामाचा, १८ नंबरचा खासगी कंपनीचा. एजंट सांगतो सलूनमधलं काम, कागदावर असतो २०. अरबी मजकूर त्याच्याकडून नव्हे, दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. २० वर गेलेल्या बाईने ते घर सोडलं की मालक ‘पळून गेली’ अशी तक्रार करतो आणि पगार बुडालेली बाईच बेकायदा ठरते. तिथल्या २०१५ च्या घरकामगार कायद्यात रोज जास्तीत जास्त १२ तास काम आणि आठवड्याची सुटी आहे. पण बंद दाराआड बघायला जातं कोण?

पैशांचं उलटं आहे. परवानाधारक एजंट कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, पावतीसकट. त्याचा परवाना सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. गावात फिरणारा सब-एजंट त्या यादीत नसतो. जास्त मागणाऱ्यापासून आपण सावध राहतो, पण ‘एक पैसा नको, तिकीटही आमचं’ म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. तिथे मालकाने एजंटला आधीच पैसे मोजलेले असतात. बाई परत जायचं म्हणाली की तो म्हणतो, माझे पैसे टाक, मग जा.

निघण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि मालकाचा पत्ता यांच्या प्रती घरी ठेवा. तिचा फोन बंद पडला, तर भारतीय दूतावासाकडे तक्रार नेण्यासाठी सरकारचं मदद पोर्टल आहे. तिथे हेच कागद लागतात.

पोलीस ठाण्यात कधी ऐकावं लागतं, ‘ती स्वतःच्या पायांनी गेली, सही तिचीच आहे.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये फसवून किंवा आमिष दाखवून शोषणासाठी नेणं ही मानवी तस्करी आहे आणि तिथे पीडितेची संमती विचारात घेतली जात नाही. शिक्षा किमान ७ वर्षं, मुलगी १८ खालची असेल तर किमान १०. तक्रारीत सब-एजंटचं नाव घालाच, मग तो नात्यातला का असेना. त्याचे व्हॉइस मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी पुसू नका.