गच्ची सगळ्यांची, ताप वरच्यांचा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखालीच मावते. त्या वेळी भिंतींवरून ऊन निसटून जातं, सगळा मारा गच्चीवर होतो. पाच इंची स्लॅब दिवसभर ते ऊन पितो आणि मध्यरात्र उलटली तरी खालच्या खोलीत सोडत राहतो. तळमजल्यावर पंख्यावर भागतं, चौथ्या मजल्यावर कूलरही हात टेकतो. म्हणून सोसायटीच्या सभेत गच्चीचा खर्च निघाला की खालची मंडळी म्हणतात, ‘वरच्यांनी बघावं.’ इथंच हिशेब चुकतो. बोअरला पाणी त्याच गच्चीवरून मिळू शकतं, पाण्याच्या मोटरची वीजही तिथंच तयार होऊ शकते.

आपल्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा. ऊन तो भेदून खाली येईपर्यंत संध्याकाळ व्हायची. तेवढं वजन आजच्या स्लॅबवर टाकता येत नाही. मग ऊन आत येण्याआधी परतवायचं, आणि त्याला सर्वांत स्वस्त चुना.

आधी कोब्याच्या भेगा भरून घ्या. ओल झिरपत असेल तर चुना ती थांबवत नाही, नुसती झाकतो. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, लोखंडी पिंपात भिजवा. प्लॅस्टिकची बादली त्या उष्णतेनं वितळते. पाण्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. रात्रभर निवू द्या, फडक्यातून गाळा, थोडा डिंक मिसळा. पातळ तीन हात द्या. काम उन्हं कलल्यावर करा आणि गच्ची आधी ओली करा. भर दुपारी दिलेला चुना कोब्याला धरण्याआधीच वाळतो, आठवड्यात त्याची भुकटी होते आणि लोक म्हणतात, ‘चुना काही टिकत नाही.’ टिकतो, पण त्याला ओल लागते.

हे फेब्रुवारीतच उरका. पुढे गच्चीवर बिबडे आणि कुरडया येणार, आणि त्यांच्यापुढे सोसायटीचा कोणताही ठराव टिकत नाही. शिवाय पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात आणि चुना कपड्यांना लागतो. वाळवणासाठी एका कोपऱ्यात पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घेतले तर तो भाग धुता येतो, आणि दरवर्षी रंगवावाही लागत नाही.

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची ३०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर २,१०,००० लिटर. वाफ, गळती वजा जाता ८० टक्के हाती लागलं तरी १,६८,००० लिटर होतात. धुळ्याकडे पाऊस कमी, तिथं आपला आकडा घालून गुणाकार करा.

पण पहिल्या दोन पावसांचं पाणी बोअरकडे जाऊ द्यायचं नाही. त्यात वर्षभराची धूळ, पाखरांची घाण आणि आपलाच चुना असतो. उभ्या पाइपला खाली फाटा काढून झडप बसवा आणि हे पाणी गटारीला सोडा. नंतरचं पाणी गाळणीच्या खड्ड्यात: तळाला मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू. दोनशे लिटरच्या पिंपात ही गाळणी बसवून मोकळं होणारे बरेच आहेत. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर या गच्चीवरून १५,००० लिटर पाणी येतं. पिंप भरून वाहतं आणि पाणी पार्किंगमध्ये. खड्डा दोन मीटर लांब, तेवढाच रुंद आणि निदान तेवढाच खोल घ्या, जास्तीचं पाणी काढायला पाइप ठेवा. दर मे महिन्यात वाळूचा वरचा दोन इंच थर खरवडून बदला, नाहीतर गाळ बसून पाणी उतरायचं थांबतं.

काळ्या जमिनीत एक मोठी चूक होते. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्या भेगा बुजतात. खड्डा त्याच थरात संपला तर त्याचं डबकं होतं, आणि पायाजवळ असेल तर फुगलेली माती जोतं उचलते, भिंतीला तिरपी भेग पडते. म्हणून खड्डा इमारतीपासून निदान दहा फूट लांब आणि मुरूम लागेपर्यंत खोल.

विजेचं थोडक्यात. सौर पॅनलच्या एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. पॅनल तापलं की वीज घटते, म्हणून त्याखाली हवा खेळती ठेवा. बोअरच्या जड पाण्यानं पॅनल धुतलं तर काचेवर पांढरे डाग बसतात. धुणं पहाटे, गोड्या पाण्यानं. सांगाड्यासाठी कोब्यात भोकं पाडली की गळती वरच्या घरात, त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे बरे. पण त्यांचं वजन इंजिनिअरकडून काढून घ्या. ज्या वाऱ्यानं रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, तो पॅनललाही सोडत नाही. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे.

राहिली झडप. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायच्या पद्धतीत, पाणी सोडायला पाटकरी नेमलेला असायचा. ज्याला वाटेल त्यानं बारं धरायचं, म्हणजे शेतात पाणी वळवायचं नाही. सोसायटीतही झडपेचं काम ‘सगळ्यांचं’ ठेवलं, तर पहिल्या पावसात ती कोणीच उघडत नाही आणि चुन्याचं पाणी थेट बोअरमध्ये जातं. मेमधल्याच सभेत एक माणूस नेमा, तो गावाला गेला तर दुसरा, आणि दोघांची नावं मीटरच्या पेटीशेजारी लिहून लावा.

नमस्कार.