फराळाचा बंदोबस्त

मंडळी, विसर्जन मिरवणुकीचा पोलीस बंदोबस्त त्या सकाळी उभा राहत नाही. मार्ग, पॉइंट, कोण कुठे, बदली कधी, हे आधीच कागदावर असतं. सगळं मनुष्यबळ पॉइंटवर लावूनही टाकत नाहीत, काही कुमक राखीव ठेवतात. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचं काम आठ माणसांत चालतं आणि आठही जण कढईपाशी किंवा पॅकिंगला असतात. सातांनाच कामं वाटा. आठव्याला रिकामं बघून जीव वरखाली होईल, पण तळणारी बाई तापानं पडली की तोच उभा राहतो.

लष्करी आदेशाचे पाच भाग असतात: माहिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, प्रशासन व रसद, नेतृत्व व संपर्क. आपल्या फराळाच्या कामाचा आदेशही असाच एका पानात बसवा. उद्दिष्ट एकच वाक्य: ‘धनत्रयोदशीला संध्याकाळी सहापर्यंत २०० डबे पोहोच.’ आपल्याकडे घात होतो तो शेवटच्या दोन भागांत. सिलिंडर कोण बदलणार, मालक बाहेर असताना ऑर्डर घ्यायची की नाकारायची हे कोण ठरवणार, तिथं नाव लिहा. वाचून झाल्यावर ‘समजलं ना?’ विचारू नका, सगळे मान डोलावतात. ज्याचं काम त्याच्याच तोंडून वदवून घ्या. चूक तिथंच सापडते.

आता रंगीत तालीम. हिला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. दहा-बारा दिवस आधी, खऱ्या कढईवर, खऱ्या माणसांकडून चकलीचे पाच-सहा घाणे काढा आणि घड्याळ लावा. समजा, एका घाण्याला १२ मिनिटं लागली आणि सव्वा किलो माल निघाला. आठ तासांत ४० घाणे, म्हणजे ५० किलो, हा झाला कागदावरचा हिशेब. तेल बदलणं, जेवण, सोऱ्या धुणं यासाठी पाचवा हिस्सा वजा करा; हाती ४० किलो. ऑर्डर ६० किलोची असेल तर दुसरी कढई आजच बघा. तालमीआधी आणि नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. १९ किलोच्या टाकीत किती घाणे होतात ते कळतं आणि जोडलेली टाकी कधी बदलायची ते ठरवता येतं. मधेच गॅस गेला तर तेलाचा ताव उतरतो, चकली तेल पिते आणि मऊ पडते. तो घाणा विकता येत नाही.

पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीसारखी एक वही गल्ल्यापाशी ठेवा: वेळ, काय घडलं, कोणी नोंदवलं. पाळी बदलताना वही वाचूनच ताबा घ्यायचा.

भाऊबीज झाली की दोन दिवसांत सगळ्यांना बसवा. अमेरिकी लष्करानं १९७० च्या दशकात रुजवलेली पद्धत आहे: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. सुरुवात सगळ्यात नवीन पोरापासून करा, मालकानं शेवटी बोलावं. मालक आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात आणि पॅकिंगला डबे कमी पडले होते ही गोष्ट बाहेरच येत नाही. निघालेला प्रत्येक मुद्दा त्याच पानावर, पुढच्या वर्षाच्या आदेशात लिहून ठेवा.