सहा फुटांची भिंत

(मैदान. भिंतीवरची चित्रं.)

अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर. एट माइल रोडला लागून, दोन रस्त्यांच्या परसांमधून ही भिंत जाते. उंची सहा फूट, लांबी अर्धा मैल. मैदानालगतचा हा तुकडा २००६ साली रंगवला. साबणाचे फुगे, घरं, आणि ही बसमध्ये चढणारी रोझा पार्क्स, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी.

(जुना नकाशा. कॅमेरा हळूहळू जवळ.)

१९३०च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे असे नकाशे रंगवून घेतले. हिरवा उत्तम. मग निळा, मग पिवळा. लाल म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका. कृष्णवर्णीयांच्या वस्तीला बहुधा हाच रंग.

घरकर्जाला हमी देणारं केंद्र सरकारचं खातंही याच हिशेबाने चाले. हमी असली की बँक थोडीशी रोकड घेऊन वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर घर देई. नसली, तर उरे 'लँड काँट्रॅक्ट'. हप्ते तुम्ही भरायचे, गळकं छप्पर तुम्ही दुरुस्त करायचं, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर मात्र विकणाऱ्याच्याच नावावर. मध्ये हप्ते थकले, की घरही गेलं आणि भरलेले पैसेही.

१९४१ साली एका बिल्डरला इथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. तिथल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी, जमेल तशी घरं उभारलेली. एवढ्या जवळ वस्ती आहे म्हणून खात्याने हमी नाकारली. बिल्डरने मध्ये भिंत घातली. हमी मिळाली.

सहा फूट! धीट पोरगं सहज चढून पलीकडे जाईल. फाइलीला तेवढी पुरली.

(कृष्णधवल फोटो. भिंतीपुढे मुलं. निवेदन थांबतं.)

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला हा फोटो. सरकारी छायाचित्रकाराने काढलेला.

महायुद्ध संपलं. दक्षिणेतून कामगारांचे लोंढे मोटार कारखान्यांकडे येतच राहिले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 'कृष्णवर्णीयांना विकू नये' ही खरेदीखतातली अट कोर्टं राबवणार नाहीत. त्या निकालात डेट्रॉइटच्या मॅगी दांपत्याचाही खटला होता. पण पुढच्याच वर्षी आल्बर्ट कोबो महापौरपदी निवडून आले, आणि गोऱ्यांच्या भागातली सार्वजनिक घरकुलं त्यांनी अडवली.

(हेस्टिंग्ज स्ट्रीट, जुनी दृश्यं. मग आजचा महामार्ग.)

हा हेस्टिंग्ज स्ट्रीट. दुकानं, जाझचे क्लब, सलून, चर्च. आता हाच रस्ता बघा: खोल खणलेला क्रायस्लर फ्रीवे. शेजारची ब्लॅक बॉटम वस्ती 'नूतनीकरणा'साठी पाडली. जागा वर्षानुवर्षं रिकामी पडली, तण माजलं. मग वास्तुकार मीस व्हॅन डेर रोहे यांचे हे काचेचे मनोरे आले. देखणे आहेत, यात वादच नाही. उठवलेल्या माणसांपैकी फार थोड्यांना इथलं भाडं परवडलं असतं.

(ट्वेल्थ स्ट्रीट. धूर. रणगाडे.)

जुलै १९६७. दारूच्या एका बेकायदा अड्ड्यावर पोलिसांची धाड पडली आणि शहर पेटलं. पाच दिवस, ४३ मृत्यू.

(रस्त्याची पाटी.)

ट्वेल्थ स्ट्रीटला आज रोझा पार्क्स यांचं नाव आहे. अलाबामा सोडून त्या १९५७ साली याच शहरात आल्या होत्या.

(पुन्हा भिंत. मैदान मागे पडतं.)

मैदान संपलं की रंगही संपतो. पुढे नुसतं काँक्रीट. आता दोन्ही बाजूंना बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात. या परसात कुणीतरी भिंतीला शिडी टेकवून ठेवली आहे.