गॅसचा फुगा रात्रीतून खाली का येतो?

(एका हातात फुगा, समोर छोटा वजनकाटा)

नमस्कार मंडळी! गॅस फुग्याला वर नेतो, असं आपण सर्रास म्हणतो. पण हेलियमलाही वजन असतं, पृथ्वी त्यालाही खालीच ओढते. फुग्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. फुग्याने जेवढी हवा बाजूला सारली, तेवढ्या हवेच्या वजनाइतका रेटा त्याला मिळतो. आतला गॅस, रबर आणि रिबीन मिळून त्याहून हलके भरले, तरच फुगा वर.

आता हिशोब. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, म्हणजे हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ. इथे लिटरभर हेलियम जेमतेम ०.९५ ग्रॅम उचलतो. ११ इंची फुग्यात १२ लिटर धरा. उचल ११ ग्रॅम, त्यातले ३ ग्रॅम रबराचेच. उरले ८. मीटरभर रिबीन चालेल, पण जाड पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलंत की फुगा बसलाच. ५ इंची फुग्यात लिटरभर गॅस मावतो आणि रबरही ग्रॅमभराचं असतं. तो उडणारच नाही, फुगेवाल्याशी भांडू नका!

(फुगा दाबून)

रबरातून हेलियम सतत झिरपतो. ११ इंची फुगा १२ ते २० तास तरंगतो, फॉइलचा काही दिवस. म्हणून संध्याकाळच्या वाढदिवसाचे फुगे दुपारी भरा, आदल्या रात्री नाही. एप्रिल-मेमध्ये आणखी एक भानगड असते. एसी हॉलमध्ये २४ अंशांना भरलेला फुगा बाहेर ४० अंशांत नेला की पाचेक टक्के फुगतो, आणि आधीच ताणलेला असेल तर फट्! पुठ्ठ्याला १० इंची गोल भोक पाडा, फुगा त्यातून जाईल इतकाच भरा. रबर वजा जाता उरलेली उचल ८ वरून ५ ग्रॅमवर येते, पण फुगा टिकतो. मानेकडचा भाग फुगून पेरूसारखा आकार आला तर जास्त भरलाय, थोडा सोडा.

रस्त्यावरच्या स्वस्त ‘गॅसच्या फुग्यात’ बरेचदा हायड्रोजन असतो. तो हेलियमपेक्षा फक्त आठेक टक्के जास्त उचलतो, पण हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की ठिणगीने पेटतो. केकवरच्या मेणबत्तीशेजारी तो नकोच. आणि आवाज बारीक करायला सिलिंडरला तोंड लावून हेलियम ओढणं? जिवावर बेतू शकतं.

गरम हवेच्या बलूनचंही गणित हेच. आत १०० अंशांची हवा, बाहेर पहाटेचे १५ अंश असतील तर नाशिकला एक घनमीटर सुमारे २६० ग्रॅम उचलतो. दुपारी ४० अंशांना १७० ग्रॅम. उड्डाणं पहाटे का असतात, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे तेव्हा वारा शांत असतो.

हवामान खात्याचा फुगा मात्र मुद्दाम सैल भरतात. सकाळी आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटतो, सेकंदाला ५ मीटर चढतो. ३० किलोमीटरवर हवेचा दाब इतका कमी की फुग्याचा व्यास चौपट होतो. मग तो फुटतो, पण तापमान, आर्द्रता आणि दाबाचे आकडे तोवर रेडिओवरून खाली पोचलेले असतात.