मॉरिस मायनर, आपल्या पान्याने

(बॉनेट जवळून. मधली उंच पट्टी, त्यावरून फिरणारा हात.)

बॉनेटच्या मधोमध पुढून मागे गेलेली ही पट्टी शोभेची नाही. गाडीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांना आपली नवी गाडी अरुंद वाटायला लागली, तेव्हा कारखाना उत्पादनाच्या तयारीत होता. तरीही त्यांनी तयार नमुना लांबीत मधोमध कापायला लावला. दोन्ही अर्धे एकमेकांपासून सरकवत नेले आणि चार इंच फट पडल्यावर थांबले. त्या चार इंचांची भर बॉनेटवर आजही दिसते. बंपर तर आधीच बनून पडले होते. सुरुवातीच्या गाड्यांना तेच कापून, मध्ये तुकडा जोडून बसवले.

ती मॉरिस मायनर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि 1971 पर्यंत बनत राहिली. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश गाडी.

समोर आहे ती 948 सीसीची. पुढची काच अखंड आहे, म्हणजे 1956 नंतरची. कित्येक वर्षं एका जागी उभी होती. इंजिन जाम, ब्रेक जाम, खालचा पत्रा गंजलेला. ती दुरुस्त करतायत एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांपैकी कोणीही मेकॅनिक नाही.

(पाने मांडलेलं फडकं.)

पहिली अडचण पान्यांची. या गाडीचे नट-बोल्ट इंचांच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. आजच्या पेटीतला 13 चा पाना त्यावर बसतो, फिरतोही, आणि गंजलेल्या नटवर जोर दिला की कोपरे खाऊन टाकतो. मग तो नट छिन्नीनेच काढावा लागतो. म्हणून सगळ्यात आधी इंचांच्या पान्यांचा सेट आला. हातात योग्य पाना असला की निम्मं काम तिथेच होतं.

(स्पार्क प्लगच्या भोकांत तेल सोडताना.)

जाम इंजिनशी झटापट करायची नसते. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात पातळ तेल सोडलंय. ते पिस्टनच्या रिंगांभोवती झिरपत जातं, गंजाच्या खाली शिरतं. त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा. रोज थोडं तेल घालायचं, बाकी हात लावायचा नाही. मग गाडी टॉप गियरमध्ये टाकायची आणि ढकलायची, थोडी पुढे, थोडी मागे. टॉप गियरमध्ये ढकलण्याचा जोर इंजिनपर्यंत जास्त पोचतो आणि इंजिन थोडंथोडंच फिरतं. इंजिन फिरलं की त्याच्याबरोबर पंख्याचा पट्टाही सरकतो. आता त्याच्याकडे बघा.

(पट्टा बोटभर सरकतो. भावाचा आवाज: "ताई, हलला! ताई, परत ढकल!")

बंपरमधलं हे भोक हँडल घालण्यासाठी. बॅटरी उतरली तरी गाडी चालू करता यावी म्हणून कंपनीनेच दिलेलं. दुरुस्तीत त्याचा आणखी मोठा उपयोग होतो: इंजिन हाताने, हवं तेवढंच आणि हवं तिथे थांबवत फिरवता येतं. त्या काळी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत टॅपेट कसे लावायचे (म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट कशी बसवायची), ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट किती ठेवायची, ब्रेक कसे ताणायचे हे सगळं मालकासाठी लिहिलेलं असे. मालक बॉनेट उघडणार, हे गृहीत धरलं होतं. आजच्या गाडीचं पुस्तक बहुतेक ठिकाणी एकच सल्ला देतं: सर्व्हिस सेंटरला जा.

(हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलेलं, टेबलावर. आठ व्हॉल्व्ह पुठ्ठ्यात खोचलेले.)

पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांना नंबर दिलेत. ज्या जागेवरून व्हॉल्व्ह निघाला, त्याच जागी तो परत बसायला हवा. प्रत्येकाची आपल्या सीटशी, म्हणजे बंद झाल्यावर तो जिथे टेकतो त्या कडेशी, झीज जमलेली असते. अदलाबदल झाली तर गळती ठरलेली.

व्हॉल्व्ह घासायला मशीन लागत नाही. टोकाला रबरी वाटी असलेली एक काठी पुरते. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्टचा पातळ थर द्यायचा, वाटी चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची. मध्येच उचलून थोडी फिरवून परत ठेवायची, नाहीतर एकाच जागी चर पडतो. कान देऊन ऐका. सुरुवातीचा आवाज करकरीत, वाळू चिरडल्यासारखा. पेस्ट बारीक होत गेली की तो मऊ पडतो. मग पुसून बघायचं. कडेवर राखाडी रंगाचं, चमक नसलेलं कडं दिसतंय ना? ते कुठेही न तुटता पूर्ण फिरलं पाहिजे. तिसऱ्या व्हॉल्व्हवर केसाएवढी काळी रेघ उरलीये, म्हणून तो परत घासायला घेतलाय.

मूळच्या सीट बिडाच्या आहेत, शिसंमिश्रित पेट्रोलच्या जमान्यातल्या. त्या पेट्रोलमधलं शिसं सीटवर संरक्षक थर धरायचं. ते गेल्यावर सीट झिजायला लागतात. एक्झॉस्टच्या बाजूला कठीण पोलादाच्या रिंगा बसवायचं काम वर्कशॉपमध्ये करून घेतलं. तेवढं घरी होण्यासारखं नाही.

(हेड परत बसलेलं. हँडल फिरतंय, वर रॉकर हलतायत.)

इथे या इंजिनाची सुंदर युक्ती बघायला मिळते. व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ असे नंबर द्या. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिल्याचा टॅपेट लावायचा. सातवा दाबला गेला की दुसऱ्याचा. सहावा, तर तिसऱ्याचा. दर वेळी बेरीज नऊ. ताई हँडल फिरवतेय, भाऊ नंबर पुकारतोय. फट ठेवायची 0.012 इंच, म्हणजे सुमारे 0.30 मिलिमीटर, इंजिन थंड असताना. फट मोजायच्या फीलर गेजचं ठरावीक जाडीचं पातं सरकताना किंचित अडलं पाहिजे. किती, हे लिहून सांगता येत नाही. आठवा टॅपेट लावेपर्यंत बोटांना आपोआप कळायला लागतं.

(गाडीच्या पोटाखालून. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा उघडलेला.)

ब्रेकचं मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने दाबलं जाणारं मुख्य सिलिंडर, गाडीच्या तळातल्या पोकळ तुळईत, ड्रायव्हरच्या पायांखाली. बोल्ट बाहेर ओढायला गेलं की पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आडवा येतो. आधी तो हलवायचा, मग सिलिंडर. आतली रबरं, चाकांजवळचे सिलिंडर, सगळे पाइप नवे टाकले. जुन्या ब्रेकशूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रमवर हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. आणि गाडीखाली शिरायचं तर ती स्टँडवर हवी, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही.

पुढच्या चाकामागचे हे खालचे ट्रनियन, म्हणजे चाक वळवणारे सांधे, नीट बघून ठेवा. वळणारं चाक इथे आट्यांवर तोललेलं असतं. ग्रीस वेळेवर गेलं नाही की आटे झिजतात, आणि एक दिवस चाक निखळून आडवं होतं. मायनर घेणाऱ्याने ग्रीसगन आधी घ्यावी, पॉलिश नंतर.

(कापलेला पत्रा, ठिणग्या.)

गंज नेहमीचाच: दारांखालच्या सिल, गाडीच्या आतली जमीन, मागच्या स्प्रिंगचे हँगर. या गाडीला वेगळी चॅसी नाही, म्हणून हा पत्रा म्हणजेच तिचा सांगाडा. सडलेलं कापलं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं, आणि नवे तुकडे वेल्ड केले. वरून पुटी भरून रंग मारलेली गाडी चकचकीत दिसते आणि आतून सडत राहते. बाहेरचा मूळ रंग मात्र दोघांनी ठेवलाय, ओरखड्यांसकट. जुन्या गाड्यांच्या फिवा या जागतिक संघटनेची ट्युरिनची सनदही जपणुकीलाच पहिला मान देते. आमचंही मत तेच. कारखान्यातून निघालेला रंग गाडीला एकदाच मिळतो.

(कार्बोरेटर. इंजिन सुरू.)

एसयू कार्बोरेटर, इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा. एकच जेट, एकच सुई, वर-खाली होणारा पिस्टन. त्याच्या बाजूची ही छोटी पिन बोटाने किंचित वर ढकलायची आणि ऐकायचं. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं, तर पेट्रोल कमी. क्षणभर वेग चढून परत जागेवर आला, तर जमलं. जेटच्या खालचा नट थोडाथोडा फिरवत ताई ऐकतेय. आता तुम्हीही ऐका.

(इंजिनाचा आवाज, निवेदन नाही.)

खर्च ठरवल्यापेक्षा बराच वर गेला, आणि सुट्ट्याही. तपासणीत गाडी पास झाली.

(दाराच्या खांबातून वर येणारा छोटा, पिवळा पेटलेला हात.)

हा ट्रॅफिकेटर. वळायचं असलं की खांबातून असा हात बाहेर येतो. डावीकडचा चालू झालाय. उजवीकडच्याची कॉइल जळलीये. ती तार सोडवून नवी गुंडाळायचं काम भावाने घेतलंय. तोपर्यंत उजवीकडे वळताना खिडकीतून हात बाहेर काढायचा.