खिळ्यांच्या चपला

मंडळी, मी सुरुवात चपलेपासून करतो. रोमन शिपायाच्या चपलेला कॅलिगा म्हणत. तळाला जाड कातड्याचे थर, वर पट्ट्यांची जाळी आणि खाली लोखंडी खिळे. आपली कोल्हापुरी करकरते, ही खणखणते. मातीच्या वाटेवर हे खिळे छान रुततात. गुळगुळीत फरशीवर मात्र माणूस सपशेल आपटतो. इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमला रोमनांचा वेढा पडला होता, तेव्हाची एक हकिगत जोसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. ज्युलियानस नावाचा सेंच्युरियन, म्हणजे शिपायांच्या तुकडीचा नायक, एकटाच शत्रूच्या घोळक्यावर धावून गेला. समोरचे पळत सुटले. इतक्यात मंदिराच्या फरसबंद अंगणात त्याच्या चपलांचे खिळे घसरले, तो चिलखतासकट पाठीवर पडला आणि तिथेच मारला गेला.

गेली पन्नासेक वर्षं युरोपातले कितीतरी हौशी लोक याच चपला घालून डांबरी रस्त्यांवरून चालतायत. जोसेफसचं ते वाक्य त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

कोण आहेत हे लोक? इंग्लंडमधल्या ‘एर्मिन स्ट्रीट गार्ड’चं उदाहरण घेऊ. 1972 साली ग्लॉस्टरशायरमधल्या एका गावच्या सोहळ्यासाठी रोमन शिपायांची तुकडी उभी केली गेली. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगमध्ये पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन मावळे उभे राहतात, तसाच प्रकार. गॅदरिंग संपलं की मावळे घरी जातात. हे गेले नाहीत. आपण घातलंय ते चिलखत खरंच असं होतं का, हा प्रश्न त्यांना पडला, आणि मग त्यांची सुटका झाली नाही.

त्यांचं नशीब असं, की उत्तर नुकतंच हाती लागलेलं होतं. 1964 मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये, रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीजवळ, कॉर्ब्रिज इथे उत्खननात लोखंडी पट्ट्यांनी मढवलेली एक लाकडी पेटी सापडली. आत गंजून एकमेकांना चिकटलेली सामग्री: भाल्यांची पाती, हत्यारं, खिळे आणि चिलखतांचे भाग. आडव्या पट्ट्यांचं ते सुप्रसिद्ध रोमन चिलखत रोममधल्या सम्राट ट्रायनच्या कोरीव स्तंभावर सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या पट्ट्या आतून एकमेकींना धरून कशा राहतात, हे मात्र धड कुणाला सांगता येत नव्हतं. टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारातल्या एच. रसेल रॉबिन्सन यांनी या तुकड्यांवरून ते जुळवून दाखवलं, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाने या मंडळींनी आपली चिलखतं घडवली. गंमत म्हणजे ‘लोरिका सेगमेंटाटा’ हे त्याचं नाव रोमनांचं नव्हेच, पुढच्या काळातल्या विद्वानांनी ते ठेवलं.

ते अंगावर घालून वावरायला लागल्यावर कळलं की याच्या पितळी बिजागऱ्या आणि बकलं फार नाजूक. वाकायचं, उचलायचं, धावायचं म्हटलं की काहीतरी तुटतं. आणि पेटीतल्या तुकड्यांवरही ठिगळं आणि जोडकाम दिसतंच. म्हणजे रोमन शिपाई फावल्या वेळात काय करत असेल? रिबिट ठोकत असेल. आजचाही तेच करतो. माझ्या मते या मंडळांचं खरं समाजजीवन इथे आहे. परेड तासाभराची. बाकी सगळा वेळ कातडं शिवणं, खिळे बदलणं आणि इंग्लंडच्या पावसात गंजू नये म्हणून लोखंडाला तेल चोळणं. ज्याला शिवता येतं तो ज्याला येत नाही त्याला शिकवतो. दिवसा बँकेत असतो की ट्रकवर, हे तिथे कुणी विचारत नाही.

रोमन सैन्यात आठ शिपायांचा एक गट असे, एक तंबू आणि एक जातं मिळून वापरणारा. त्याला कॉन्टुबेर्नियम म्हणत. तंबू बहुधा बकऱ्याच्या कातड्याचा. तसल्या तंबूत रात्र काढली की लोकांची ओळख फार लवकर होते, हवी त्यापेक्षा जास्तच. जेवायला पुल्स, म्हणजे गव्हाची जाडसर लापशी, आणि प्यायला पोस्का, म्हणजे पाण्यात आंबट दारू किंवा व्हिनेगर. आणि वाद! आपल्याकडे पगडीच्या बांधणीवरून होतात तसेच. एक सनातन वाद मोज्यांचा: थंडीत चपलेच्या आत मोजे घालावेत का? शुद्धतावादी म्हणायचे, पुतळ्यांच्या पायात मोजे नाहीत. मग हेड्रियनच्या भिंतीजवळच्याच विंडोलांडा किल्ल्यात लाकडी पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं मिळाली. त्यातल्या एकात चक्क लिहिलंय की तुझ्यासाठी मोज्यांचे जोड पाठवलेत, चपलांचे दोन आणि आतल्या चड्ड्यांचे दोन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी काळजीने आजच्या शिपायांचे पाय गरम झाले.

आता दुसऱ्या टोकाकडे येतो. 1998 मध्ये अमेरिकेत ‘नोव्हा रोमा’ नावाची संस्था निघाली. यांना चिलखतापेक्षा प्रजासत्ताक हवं होतं. दोन कॉन्सुल, प्रेटर, ट्रिब्यून असे पदाधिकारी, सिनेट, दरवर्षी निवडणुका, सगळं रोमसारखं. व्हॅटिकनएवढी, म्हणजे 108 एकर जमीन मिळवून तिथे राजधानी करायची, असं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. नागरिक झालात की रोमन नाव घ्यायचं, तीन भागांचं: स्वतःचं, कुळाचं आणि शेवटी बहुतेक वेळा टोपणनावावरून आलेलं. प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो, त्याचं नाव हरभऱ्यावरून आलंय. हसू नका, आपल्याकडे पडवळ आहेत, भोपळे आहेत.

पुढे काय झालं याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत एकेका सभासदाला व्हेटो दिला तर काय होईल? व्हेटो म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी मना करतो’, आणि ट्रिब्यूनला तो अधिकार होता. पहिल्या काही वर्षांतच डिक्टेटर, म्हणजे अडचणीच्या काळात सगळे अधिकार एकट्याच्या हाती घेणारा, नेमून झाला, राजीनामे झाले, पुढे फुटून वेगळ्या चुली मांडून झाल्या. जमीन काही मिळाली नाही. रोमचा इतिहास इतक्या मनापासून कुणी पुन्हा जगलं नसेल.

पण त्यांच्यातलं एक मला मनापासून आवडतं. पुष्कळांनी घरात लारारियम मांडलं. आपला देव्हाराच म्हणा ना. घराच्या रक्षक देवांना, लारेसना, धूप, थोडं दूध, थोडी दारू. केटो या जुन्या रोमन लेखकाने शेतीवरच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की वाड्याच्या कारभारणीने महिन्याच्या कॅलेंड्स, नोन्स आणि आयड्स या ठरलेल्या तीन दिवशी चुलीवर हार घालावा. त्याला सिनेटही लागत नाही आणि 108 एकरही लागत नाहीत. फ्लॅटमधली गॅसची शेगडी चालते.

इटलीत हा छंद इतका निरागस राहू शकत नाही. 21 एप्रिल हा रोमचा वाढदिवस. मुसोलिनीने 1 मेचा कामगार दिन काढून टाकला आणि त्या जागी हा दिवस बसवला. हात ताठ पुढे करून करायचा तथाकथित रोमन सलामही त्याच काळाशी जोडला गेला. प्राचीन रोममध्ये तो तसा होता याला धड पुरावा नाही. त्याचं मूळ पाहायचं तर फ्रेंच चित्रकार डेव्हिडच्या 1784 च्या ‘होरेशियांची शपथ’ या चित्रापर्यंत मागे जावं लागतं. त्यामुळे आजच्या कुठल्याही जबाबदार मंडळात नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवावी ती ही, की प्रेक्षकांतून कुणी तसा हात दाखवला तर आपला हात खालीच राहील.

1994 मध्ये स्थापन झालेला ‘ग्रुप्पो स्तोरिको रोमानो’ हा गट हा वाढदिवस आज रोममधल्या सर्कस मॅक्झिमस या प्राचीन शर्यतीच्या मैदानावर साजरा करतो. नांगराने सीमेचा तास ओढतात, दंतकथेतला रोमचा संस्थापक रोम्युलस याने ओढला तसा. वेगवेगळ्या देशांतून पथकं येतात, आणि इतक्या भाषांच्या लोकांना हुकूम द्यायचे तर लॅटिनच कामाला येते. आता पहिल्या-दुसऱ्या शतकातली कवायतीच्या हुकमांची यादी काही आपल्यापर्यंत आलेली नाही. जी आहे ती ‘स्ट्रॅटेजिकॉन’ या सहाव्या शतकाच्या शेवटच्या लष्करी ग्रंथात. ग्रंथ ग्रीकमध्ये, पण हुकूम लॅटिनमध्ये. ‘सिलेंतियुम! मंदाता काप्ताते!’ म्हणजे ‘शांतता! हुकूम ऐका!’ ट्रायनचा शिपाई पाचशे वर्षांनंतरच्या त्या हुकमांवर हलला असता का, कुणास ठाऊक. आजचे मात्र हलतात, मोजे घातलेलेही.