तेरा नंबरचा फिरस्ता

मंडळी, कोल्हापुरात हा विषय काढायला थोडं धाडस लागतं. इथे प्रत्येक पेठेचा फुटबॉल संघ आपला: पाटाकडील म्हणजे पाटाकडील आणि दिलबहार म्हणजे दिलबहार. आणि मी बोलणार आहे अशा फुटबॉलपटूबद्दल, ज्याने अकरा देशांत मिळून तिसाहून जास्त क्लबांचे शर्ट घातले. पेठेच्या हिशेबात तो गद्दारच ठरेल. तरी ऐका.

सेबास्टियन अब्रेऊ, उरुग्वेतल्या मिनास गावचा, जन्म १९७६. उंची सहा फूट चार इंच, डावखुरा, पाठीवर बहुतेक वेळा तेरा नंबर, टोपणनाव ‘लोको’, म्हणजे वेडा. माँटेव्हिडिओच्या डिफेन्सर स्पोर्टिंगपासून सुरुवात, मग अर्जेंटिनात सान लोरेन्झो. १९९८ मध्ये स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्याने त्याला विकत घेतलं. इथे गाडी मार्गी लागली असं कुणालाही वाटावं. पण तिथे तो फारसा खेळलाच नाही. पुढची काही वर्षं त्याला लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना, पाठवत राहिले: ब्राझील, मेक्सिको, पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा उरुग्वे. घर एकाच्या नावावर आणि भाडेकरू दरवर्षी नवा, तसा हा व्यवहार. आणि गंमत बघा, याच काळात, २००२ मध्ये, क्रूझ असुल क्लबकडून तो मेक्सिकन लीगचा टॉप स्कोअरर झाला. म्हणजे ‘कुणी ठेवून घेत नाही म्हणून फिरतो’ हे काही खरं नाही.

मग का फिरतो? माझं उत्तर असं, की स्ट्रायकरचं, म्हणजे पुढे उभं राहून गोल करणाऱ्याचं, कामच तसं आहे. बचावफळीतल्या चौघांना एकमेकांची सवय व्हायला महिने जातात. पेनल्टी बॉक्समध्ये उभ्या राहणाऱ्या उंच माणसाला एवढंच कळावं लागतं, की क्रॉस, म्हणजे बाजूने आत येणारा पास, कोण टाकतो आणि कुठून. ते आठवड्याभरात कळतं. म्हणून हंगामाच्या मध्यावर संघ बुडायला लागला की व्यवस्थापन बचाव सुधारत बसत नाही, स्ट्रायकर शोधतं. मेक्सिकोतल्या कुलियाकानच्या दोरादोस संघाचंच बघा. २००५ च्या उत्तरार्धातल्या स्पर्धेत अब्रेऊ तिथून टॉप स्कोअरर झाला. पुढच्या वर्षी त्याच्या जोडीला चक्क पेप ग्वार्दिओला, पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेला, आला, खेळाडू म्हणून. तरीही संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलाच. गोल विकत मिळतात, संघ मिळत नाही.

आता २०१०. त्याआधीच्या नोव्हेंबरात, ग्रीसच्या आरिस क्लबचा खेळाडू असताना, त्याने उरुग्वेसाठी कोस्टा रिकाविरुद्ध गोल केला आणि उरुग्वे विश्वचषकाला पोचला. जानेवारीत क्लब बदलला, ब्राझीलचा बोटाफोगो. एप्रिलमध्ये रिओच्या माराकाना मैदानावर फ्लामेंगोविरुद्ध पेनल्टी मिळाली आणि या गृहस्थांनी चेंडू हळूच खालून उचलून गोलच्या मधोमध टाकला. अशा पेनल्टीला म्हणतात पानेंका.

म्हणून २ जुलैला जोहान्सबर्गमध्ये जे झालं त्याला ‘वेडेपणा’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. विश्वचषकात घानाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी. उरुग्वेच्या सुआरेझने हाताने चेंडू अडवलेला, घानाच्या ग्यानची पेनल्टी बारवर आदळलेली, १-१, पेनल्टी शूटआऊट. उरुग्वेचा गोलकीपर मुसलेराने दोन पेनल्टी अडवल्या, उरुग्वेची एक वाया गेली. पाचवा आला अब्रेऊ, बदली म्हणून उतरलेला, तेहतीस वर्षांचा. हा गोल झाला की उपांत्य फेरी, १९७० नंतर पहिल्यांदा. घानाचा गोलकीपर किंगसन एका बाजूला झेपावला आणि चेंडू आरामात मधून गेला. ४-२. अहो, जो माणूस वर्षातून दोनदा ड्रेसिंग रूम बदलतो, त्याला अनोळखी मैदानाचं दडपण कसलं येणार? आणि हीच किक अडीच महिन्यांपूर्वी माराकानावर मारून झालेली.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. इक्वाडोर, पराग्वे, एल साल्वाडोर, चिली... २०१७ च्या अखेरीस ऑडॅक्स इटालियानो हा त्याचा सव्विसावा क्लब झाला आणि जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनश्टीलचा पंचवीस क्लबांचा विक्रम मोडला. गिनेसमध्ये नोंद झाली. मला ती फेरी थोडी आकड्यासाठी केलेली वाटते. उरुग्वेसाठी सत्तर सामन्यांत सव्वीस गोल करणाऱ्याला त्या नोंदीची गरज नव्हती. पण चाळिशी उलटलेल्या माणसाला कुणी खेळायला बोलावतंय तर त्याने नाही का म्हणावं, असंही वाटतं.

२०२१ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, माँटेव्हिडिओच्याच सुद अमेरिका क्लबकडून तो शेवटचा खेळला. मग पूर्णवेळ प्रशिक्षक झाला, आणि तिथेही पेरू, मेक्सिको असा प्रवास सुरूच.

आता प्रश्न घेऊ. फक्त ‘मेस्सी की रोनाल्डो’ नको.